आमच्या तळघरातला पिचर

अर्जातला पहिला प्रश्न कुत्र्या-मांजरांबद्दल होता. दुसरा असा, की रात्री अकरा-बारा वाजता कुणी स्वयंपाकघरात खुडबुड केली तर चालेल का. बेसबॉलबद्दल एकही प्रश्न नव्हता, ते बरंच झालं. या खेळात चेंडूचा टप्पा पडत नाही, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं आणि तेही नवऱ्याने सांगितलेलं.

अमेरिकेत आम्ही राहतो त्या गावात बेसबॉलच्या मिडवेस्ट लीगमधला एक संघ आहे. चहूकडे मका आणि सोयाबीन, यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, नदीकाठी एक छोटंसं देखणं स्टेडियम. नवरा त्यातल्याच एका कारखान्यात इंजिनियर. गावाचं आणि संघाचं नाव लिहीत नाही, कारण ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याने परवानगी देताना तेवढी एकच अट घातली. मिडवेस्ट लीग तेव्हा सिंगल ए दर्जाची होती. तिच्यावर हाय ए, मग डबल ए, ट्रिपल ए आणि शिखरावर मेजर लीग, जी टीव्हीवर दिसते. खालच्या पायऱ्यांवरच्या मुलांना घरभाडं परवडत नसे. म्हणून गावातली कुटुंबं त्यांना हंगामापुरती घरी ठेवून घेत, फुकट. त्या बदल्यात हंगामाची तिकिटं मिळत. या घरांना होस्ट फॅमिली म्हणत. नवरा म्हणाला, "यात नवीन काय? आपल्याकडे पुण्याला शिकायला आलेला पुतण्या राहतोच की." मुलगी कॉलेजला गेलेली, तळघरातली खोली रिकामी. अर्ज भरला, पोलिस-रेकॉर्ड तपासायला संमती दिली, संघाकडून एक बाई येऊन खोली आणि न्हाणीघर बघून गेल्या. गाद्या लांब आहेत का, हे त्यांनी टेप लावून मोजलं. त्याचं कारण एप्रिलमध्ये कळलं.

2016 च्या एप्रिलमध्ये दोघं आले, दोघंही पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारे. एक डॉमिनिकन रिपब्लिकचा. सोळाव्या वर्षी करार करून आलेला, घरी पैसे पाठवणारा, इंग्रजी आमच्या स्वयंपाकघरात शिकलेला. तो पुढे डबल एपर्यंत गेला, त्याची गोष्ट वेगळी आहे. दुसरा जॉर्जिया राज्यातल्या एका लहान गावातला, कॉलेजमधून ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, निवडलेला, सहा फूट चार इंच. मला "मॅम" म्हणायचा, नवऱ्याला "सर". दक्षिणेकडची मुलं असंच बोलतात. हे लिखाण त्याच्याबद्दल आहे.

पगाराची गोष्ट आधी सांगून टाकते, कारण मला ती पचायला सगळ्यात जड गेली. महिन्याला तेराशे डॉलरच्या आसपास, कर जाण्याआधी, आणि तोही फक्त हंगामाच्या पाच महिन्यांपुरता. मार्चच्या सराव शिबिराचा पगार नाही, हिवाळ्यात काही नाही. हिवाळ्यात तो गावाकडे एका गोदामात काम करायचा आणि उरलेल्या वेळात व्यायाम. बाहेरगावी सामना असला की जेवणाला दिवसाचे 25 डॉलर मिळत. वर ड्रेसिंग रूममधल्या खाण्याची वर्गणी त्यांच्याच खिशातून. त्याच वर्षी मेजर लीगमधला कमीत कमी पगार वर्षाला 5,07,500 डॉलर होता. मधल्या तीन पायऱ्या चढल्या की एवढा फरक, आणि चढतो दहातला एखादा, असं तोच म्हणायचा. करार मात्र तेव्हा सात हंगामांचा. म्हणजे मुलाने सात हंगाम दुसरीकडे जायचं नाही. संघाला वाटलं तर ते त्याला उद्यासुद्धा काढू शकतात. असा एकतर्फी कागद मी आमच्या घरमालकाच्या करारातही पाहिला नव्हता.

आता त्याचं काम. त्याच्यासारखा, सामना सुरू करणारा पिचर पाच दिवसांतून एकदा खेळतो. हे ऐकल्यावर आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी "मज्जा आहे बुवा" असं म्हटलं होतं. मला ते मधले चार दिवस रोज दिसायचे, म्हणून तेच सविस्तर सांगते.

खेळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. सिरियल डाव्या हाताने खायचा. शर्ट घालताना आधी उजवी बाही, मग बाकीचा शर्ट. त्या दिवशी धावणं आणि पायांचा व्यायाम, हाताला विश्रांती. त्याच्या मते चेंडू पायांनी फेकला जातो, हात फक्त शेवटी सोडतो. त्यानंतरच्या दिवशी हलकी फेकाफेक, लांब लांब जात. तिसऱ्या दिवशी बुलपेन, म्हणजे मैदानाच्या कडेला चेंडू झेलणाऱ्या कॅचरला बसवून पंचवीस-तीस चेंडू, मागे प्रशिक्षक उभा. चौथ्या दिवशी पुन्हा हलकं काम आणि संध्याकाळी एक वेगळीच ड्युटी, ती पुढे सांगते. या सगळ्याच्या आधी आणि नंतर रबरी पट्ट्या. आमच्या जिन्याच्या कठड्याला दोन पट्टे कायम बांधलेले असत आणि तो खांद्याच्या त्या बारीक हालचाली रोज करायचा, पूजेला बसल्यासारखा गप्प. गॅरेजच्या भिंतीवर वजनदार रबरी चेंडू आपटायचा. शेजारच्या आजीबाईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं, घराचं काम काढलंय का.

पाचव्या दिवशी त्याच्याशी बोलायचं नाही, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. तीच अंडी, तोच भात, तेच मोजे. पोह्यांवर लाल हॉट सॉस ओतून खायची त्याची सवय इतर दिवशी मी सहन करायची, त्या दिवशी पोहेच नाहीत. एकदा तो निघताना मी मुलीच्या परीक्षेची जुनी सवय म्हणून त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. त्या रात्री सहा इनिंगमध्ये (बेसबॉलच्या सामन्यात असे नऊ छोटे डाव असतात) त्याने एकच धाव दिली. झालं. त्यानंतर दर पाचव्या दिवशी तो दाराशी हात पुढे करून उभा. चार दिवसांत डॉमिनिकन पोरगाही रांगेत.

चौथ्या दिवसाच्या संध्याकाळची ड्युटी अशी. उद्या ज्याला खेळायचं आहे तो पिचर आज गणवेश न घालता प्रेक्षकांत, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, बरोबर मागे बसतो. हातात वेग मोजणारी रडार गन आणि मांडीवर तक्ता. आपल्या संघाच्या पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू टिपायचा. कुठला होता, किती वेगाने आला, कुठे पडला, बॅटरने काय केलं. चेंडूच्या प्रत्येक प्रकाराला एक आकडा: फास्टबॉलला 1, कर्व्हला 2, स्लायडरला 3, चेंजअपला 4. आमची तिकिटं त्याच भागात होती, म्हणून मी शेजारी बसायची. मला बेसबॉल जे काही येतं ते त्या खुर्चीत आलं.

त्याने पहिल्यांदा सांगितलं, चेंडूकडे बघू नका, बॅटरच्या पुढच्या पायाकडे बघा. पाय लवकर उचलला गेला तर तो फास्टबॉलची वाट बघतोय. मग पुढचा चेंडू चेंजअप. हात तसाच जोरात येतो, पण चेंडू तळव्यात खोल धरलेला असतो, त्यामुळे ताशी आठ-दहा मैलांनी हळू निघतो आणि बॅट आधीच फिरून जाते. वॉरन स्पान म्हणून एक डावखुरा पिचर होऊन गेला, 363 सामने जिंकलेला. डावखुऱ्यांत इतके कुणीच जिंकलेले नाहीत. त्याचं म्हणणं असं की फटका मारणं म्हणजे वेळ साधणं आणि पिचिंग म्हणजे ती वेळ बिघडवणं. हे कळल्यावर मला तीन तास कंटाळा येईनासा झाला. त्याआधी यायचा, खोटं कशाला बोलू.

आमच्या मागच्या रांगेत टोप्या घातलेले चार-पाच पुरुष बसत, त्यांच्याकडेही रडार गन. ते स्काउट, वेगवेगळ्या संघांसाठी खेळाडू हेरणारे. पिचरने चेंडू टाकला की सगळ्यांच्या माना एकदम खाली, आकडा बघायला. पोराने बॅटरला कसं फसवलं याचं कौतुक त्यांनाही असावं, पण वहीत आधी आकडा जायचा. आमच्या पाहुण्याचा फास्टबॉल 92-93 मैलांचा, म्हणजे ताशी 150 किलोमीटरच्या जवळपास. नवरा डोंबिवलीच्या मैदानांवर वेगवान गोलंदाजी केलेला माणूस. त्याला हे ऐकून घेरीच आली. सिंगल एमध्ये एवढ्या वेगाचे डझनाने असतात, हे कळल्यावर तो गप्प झाला.

नवऱ्याचा एक मुद्दा मात्र मला पटला. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर 15 अंशांहून जास्त सरळ होता कामा नये. बेसबॉलमध्ये सगळा जोर त्या कोपरातूनच निघतो. हात मागे वाकतो आणि झटक्यात सरळ होतो, आणि त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूचं एक लिगामेंट हाडांना धरून ठेवतं. म्हणून आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजांची पाठ जाते आणि यांचं कोपर जातं.

त्याचं जुलैमध्ये गेलं. एकदम नाही. आधी दोन सामन्यांत वेग 90 वर आला, मग 88. तो म्हणे बसचा प्रवास बाधला. बोलिंग ग्रीनहून, म्हणजे केंटकीतून, संघ रात्रभर बसने आला होता आणि सहा फूट चार इंचांचा माणूस बसच्या सीटवर कसा झोपत असेल ते मला दिसत होतं, म्हणून मलाही ते खरं वाटलं. मग एका संध्याकाळी चौथ्या इनिंगमध्ये त्याने एक चेंडू टाकला, तो कॅचरच्या डोक्यावरून जाळीवर गेला. त्याने हात झटकला नाही, धरला नाही. तो नुसता माउंडच्या, म्हणजे पिचर चेंडू टाकतो त्या उंचवट्याच्या, मागे जाऊन उभा राहिला आणि डगआउटकडे, संघ बसतो तिकडे, बघायला लागला. एमआरआयमध्ये लिगामेंट फाटलेलं निघालं.

शस्त्रक्रियेआधी तो आठवडाभर घरीच होता. एका रात्री जेवताना त्याने आम्हा सगळ्यांना हात टेबलावर ठेवायला लावले. तळहात वर, अंगठा करंगळीला टेकवायचा आणि मनगट थोडं आत वळवायचं. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसते. तो पामारिस लाँगस नावाचा स्नायूबंध. हाताला त्याचा फारसा उपयोग नाही, काही लोकांच्यात तो जन्मतःच नसतो. कोपराचं नवं लिगामेंट करायला डॉक्टर तोच काढून घेतात, नसेल तर मांडीच्या मागचा. माझ्या दोन्ही हातांना होता. नवऱ्याच्या डाव्या हाताला नाही. नवऱ्याला याचं इतकं वाईट वाटलं की तो रात्रभर मनगट वळवून बघत होता. ज्याची शस्त्रक्रिया होती तो हसत होता.

या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन म्हणतात. ते डॉक्टरचं नाव असेल असं मी धरून चालले होते, पण ते रुग्णाचं आहे. टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. 1974 च्या जुलैमध्ये, 13 सामने जिंकून फक्त 3 हरलेला असताना, त्याचं कोपर गेलं. तोवर असं झालं की कारकीर्द संपायची. सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटातला स्नायूबंध काढून डाव्या कोपराच्या हाडांत भोकं पाडून ओवला. यशाची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. 1975 चा हंगाम पूर्ण गेला. मधे नस दबून बोटं आखडली, त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. 1976 मध्ये तो परत माउंडवर आला आणि 1989 पर्यंत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. एकूण 288 विजय, त्यातले 164 शस्त्रक्रियेनंतरचे. आमच्या पोराला हे आकडे पाठ होते. तो ते आम्हाला सांगत होता की स्वतःला, हे त्याला विचारलं नाही.

हे ऐकून मंडळातल्या लोकांना रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवले. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, 2008 मध्ये टीव्हीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. 2009 मध्ये रिंकू अमेरिकेतला व्यावसायिक सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचर झाला. लोकांना इथपर्यंतच माहीत असतं. पुढे तो सिंगल एपर्यंतच पोचला, त्याच्या कोपरावरही हीच शस्त्रक्रिया झाली आणि शेवटी तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. "म्हणजे तो आमच्यातलाच," आमचा पाहुणा म्हणाला. भारतातून कुणी आलंय म्हणून नव्हे, सिंगल ए आणि कोपर म्हणून.

शस्त्रक्रियेचा खर्च संघाने केला. ती झाल्यावर तो गाडी आणि सामान न्यायला आमच्याकडे आला. हाताला बिजागरीचा पट्टा, त्यावर कोन मोजायची चकती. दर आठवड्याला थोडासाच कोन वाढवायचा, मधे हात चुकूनही पूर्ण सरळ करायचा नाही. मी पोळीचे तुकडे करून द्यायची, नवरा त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायचा. मग तो संघाच्या फ्लोरिडातल्या सराव केंद्रावर गेला आणि पुढची गोष्ट मला फोनवरूनच माहीत आहे.

ती कंटाळवाणी आहे, कारण ते दिवसच कंटाळवाणे होते. सकाळी सात वाजता मसाज आणि कोन मोजणं. पाचेक महिन्यांनी पहिला चेंडू, पंधरा-वीस पावलांवरून, जेमतेम. मग अंतर हळूहळू वाढवायचं. माउंडवर चढायला नऊ-दहा महिने. अशी दहा-बारा मुलं तिथे एकत्र असतात, कुणाचं कोपर, कुणाचा खांदा. सामना कुणाचाच नाही. एकाच्या वेदना वाढल्या की बाकीचे सगळे आपापलं कोपर चाचपून बघतात, असं तो म्हणाला. 2017 च्या ऑगस्टमध्ये त्याने खऱ्या सामन्यात एक इनिंग टाकली, तेव्हा त्याने आकडा कळवला: 91. नवऱ्याने त्या रात्री जिलेबी आणली, इंडियन स्टोअरमधली, गोठवलेली.

2018 चं शिबिर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी एक माणूस ड्रेसिंग रूममध्ये फिरतो आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवेल त्याला ऑफिसात जावं लागतं. आत गेल्यावर करार संपवायला दोन मिनिटं लागतात. त्याच्या जागी एकोणीस वर्षांची, 96 मैलांची पोरं आली होती. त्याचा फोन आला तेव्हा तो पार्किंगमध्ये होता आणि त्याने आधी आमच्या दुसऱ्या पाहुण्याचं नाव यादीत वर गेलंय ही बातमी सांगितली, मग स्वतःची. मी म्हटलं इकडे ये. तो आला नाही. त्या उन्हाळ्यात एका स्वतंत्र लीगमध्ये खेळला, जिथे मेजर लीगशी काही संबंध नव्हता आणि पगार आणखी कमी. आम्ही गाडी काढून एक सामना बघायला गेलो. वेग 89, पण चेंजअप असा की समोरचे बॅटर हवेत बॅट फिरवत होते. मला वाटतं त्या रात्री तो आयुष्यात सगळ्यात चांगला पिचर होता. मागच्या रांगेत रडार गन एकही नव्हती.

होस्ट फॅमिली म्हणून आमच्याकडे नंतरही मुलं येत राहिली, मग ते बंद झालं. चांगल्या कारणासाठी. 2022 पासून संघांनीच राहायची सोय करावी असा नियम आला. त्याच वर्षी जुन्या पगारांबद्दलचा खटला 18.5 कोटी डॉलरला मिटला आणि सप्टेंबरात या मुलांची युनियन झाली. 2023 च्या करारात सिंगल एचा पगार वर्षाला 26,200 डॉलर झाला, ट्रिपल एचा 35,800. गावातल्या काही जुन्या यजमान बायकांना वाईट वाटलं, पोरं आता घरी येत नाहीत म्हणून. मला नाही वाटलं. नोकरी करणाऱ्या माणसाला पगारातून घर घेता यावं, पोह्यांच्या मेहेरबानीवर राहायला लागू नये.

तो आता जॉर्जियात एका शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी लहान मुलांना पिचिंग. त्याची सगळी भांडणं मुलांच्या बापांशी होतात. मेजर लीगने 2014 मध्ये लहान मुलांसाठी मार्गदर्शक नियम काढले, कुठल्या वयाला किती चेंडू: अकरा-बारा वर्षांच्याला एका दिवसात 85, तेरा-चौदाच्याला 95, आणि 66 किंवा त्याहून जास्त झाले तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. तो हातात मोजणीयंत्र धरून उभा असतो. गेल्या उन्हाळ्यात तेरा वर्षांच्या एका मुलाचे 95 झाले, सामना बरोबरीत होता, दोन बॅटर बाद करायचे बाकी होते. त्याने मुलाला खाली घेतलं. सामना गेला. बाप कुंपणावरून ओरडत होता की स्काउट आलाय, तुला कळतं का, माझ्या मुलाला अजून जोर आहे. त्याने बापाला आपल्या कोपरावरचा व्रण दाखवला. त्याने काही फरक पडला नाही, असं तो मला फोनवर म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्या माणसाने मुलाला दुसऱ्या प्रशिक्षकाकडे घातलं.